मोटारीची तबकडी आणि काट्याची सचोटी

आपल्या व्यापारी संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी यंदा मजकडून काही लेखन व्हावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला. ज्याचा उभा जन्म धान्याच्या घाऊक पेढीवर गेला आणि ज्याने मॅट्रिकच्या पुढे शाळेची पायरी चढली नाही, त्याने लिहावे तरी काय? बाजारभाव, साठवण, अडत, उधारी यांविषयी लिहावे, तर त्या गोष्टी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे बंधू ही स्मरणिका हाती घेतात. म्हणून विषय निवडला तो प्रथमदर्शनी आपल्या पेढीशी संबंध नसलेला: मोटारीच्या मापकांच्या तबकड्या बदलण्याचा. वाचकांनी थोडा धीर धरावा. हा रस्ता फिरून अखेर आपल्या काट्यापाशीच येतो.

निमित्त घडले ते असे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या चिरंजीवाने आपल्या मोटारीच्या वेगमापकाच्या, पेट्रोलमापकाच्या व उष्णतामापकाच्या काळ्या तबकड्या काढून त्या जागी पांढऱ्या बसवण्याचे मनात घेतले. आजच्या तरुणांस हा शौक आहे. तबकड्यांचा संच विकत मिळतो आणि हात हलका असला, तर घरच्या घरी काम होते. चिरंजीव म्हणाला, "बाबा, तुम्ही शेजारी बसाल का? काटे काढताना दुसरा माणूस लागतो."

मी म्हणालो, "बसतो. पण एक सांग. तबकडी बदलल्यावर खालचा आकडा तोच राहील ना?"

तो हसला. "आकडा इलेक्ट्रॉनिक आहे, बाबा. तबकडीचा त्याच्याशी संबंध नाही."

त्याचे म्हणणे बरोबर होते. तरीही माझा प्रश्न निरर्थक नव्हता. तो मी का विचारला, हे सांगण्यासाठी छत्तीस वर्षे मागे जावे लागेल; आणि त्याआधी हे यंत्र चालते कसे, तेही थोडक्यात सांगावे लागेल.

वेगमापकाचे पोट

जुन्या मोटारीतील वेगमापक हे मोठे साधे आणि तितकेच चतुर यंत्र आहे. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झ या गृहस्थाने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले, आणि पुढे शतकाच्या अखेरीपर्यंत जगातील बहुतेक मोटारी त्याच तत्त्वावर आपला वेग सांगत राहिल्या. गिअरपेटीतून एक लवचिक केबल निघते व मापकाच्या पाठीमागे येऊन जोडली जाते. चाके फिरली की केबल फिरते. केबलच्या टोकाशी मापकात एक लोहचुंबक आहे, तोही फिरतो. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक लहानशी वाटी असते. चुंबक वाटीला स्पर्श करीत नाही. परंतु त्याच्या फिरण्याने वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाऊ लागते. तिला अडवून धरते ती केसाएवढी बारीक स्प्रिंग, घड्याळातील बालकमानीची सख्खी बहीणच. वेग वाढला की ओढ वाढते, स्प्रिंग तेवढी अधिक पिळली जाते, आणि वाटीच्या दांडीवर बसवलेला काटा तेवढ्या अंशांनी पुढे सरकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काट्यास मैल ठाऊक नाहीत आणि किलोमीटरही ठाऊक नाहीत. त्यास ठाऊक आहे तो केवळ कोन. त्या कोनास नाव देण्याचे काम तबकडी करते. आपल्या तराजूच्या दांडीचेही तसेच आहे. तिला समतोल कळतो. पारड्यातील वजनावर शेर कोरला आहे की किलो, हे तिला कळत नाही.

याच यंत्रात दुसरे एक स्वतंत्र काम चाललेले असते. त्याच केबलच्या गतीवर दातेरी चक्रांच्या साहाय्याने आकड्यांची लहान लहान चाके फिरत असतात. मोटार जन्मापासून एकंदर किती चालली, याची ती नोंद होय. ही चाके केबलचे फेरे मोजतात. किती फेऱ्यांस एक आकडा पुढे ढकलावयाचा, हे आतील चक्रांच्या दात्यांनी ठरवलेले असते. तबकडीवर काहीही लिहिले, तरी त्या दात्यांवर त्याचा काडीमात्र परिणाम होत नाही. जुन्या इंग्रजी धाटणीच्या अनेक मापकांच्या तबकडीवर तळाशी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला आढळतो. मैलभर अंतरात केबलचे किती फेरे व्हावेत, ते तो सांगतो. सामान्य माणसाचे तिकडे लक्ष जात नाही. जाणता कारागीर मात्र सर्वांत आधी तोच वाचतो.

शेर आणि किलो

माझा जन्म १९६० सालचा. त्यामुळे वजनमापांचे जे मोठे परिवर्तन देशात झाले ते मी पाहिले खरे, पण पाळण्यातून. त्याची हकीकत मला आमच्या अण्णांकडून, म्हणजे वडिलांकडून, पुष्कळ वेळा ऐकावयास मिळाली. १९५६ साली संसदेने वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात येऊ लागली, आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. मण, शेर, छटाक व तोळा यांनी पेढीचा निरोप घेतला.

तो काळ घाऊक व्यापाऱ्यांच्या परीक्षेचा होता. मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम. क्विंटल म्हणजे दोन मण सत्तावीस शेरांहून थोडा अधिक. समजा, मणाचा भाव २० रुपये आहे, तर क्विंटलचा होतो ५३ रुपये ५८ पैसे. अण्णांनी असा तक्ता स्वतःच्या हाताने करून गादीमागील भिंतीवर लावला होता. आमच्या भागात धान्य मापाने मोजण्याचीही रीत होती, आणि पायली तर गावोगाव निराळी. शेतकरी येई तो एका मापाचा हिशेब मनात धरून, आणि आमचा मापाडी सांगे तो दुसऱ्याच वजनाचा. गैरसमज झाले, तंटे झाले. पण दोन-चार वर्षांत सर्व स्थिरस्थावर झाले.

अण्णा एक गोष्ट मात्र नेहमी खालच्या आवाजात सांगत. त्या संक्रमणकाळात काही थोड्या दुकानदारांनी तोंडाने "किलो" म्हणावयास प्रारंभ केला आणि पारड्यात मात्र जुना शेरच ठेवला. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. किलोमागे ६७ ग्रॅम गिऱ्हाइकाच्या पिशवीतून दुकानातच राहत. क्विंटलमागे पावणेसात किलो झाले. "वजन खोटे नव्हते," अण्णा म्हणत. "शेर शेरभरच होता. खोटे होते ते नाव."

लहानपणी मला या वाक्याचा अर्थ पुरता उमगला नव्हता. तो एकोणतिसाव्या वर्षी उमगला.

आमची अँबॅसेडर

१९६९ साली अण्णांनी एक जुनी अँबॅसेडर मोटार विकत घेतली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली ही गाडी १९५७ पासून बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि २०१४ साली तेथील उत्पादन थांबेपर्यंत देशाच्या रस्त्यांवर तिने राज्य केले. आमची गाडी पहिल्या काळातील, म्हणून तिचा वेगमापक मैलांचा होता. रस्त्याच्या कडेचे दगड किलोमीटरचे झाले, पेट्रोल लिटरने मिळू लागले, परंतु आमच्या मोटारीच्या तोंडी मैलच राहिले.

त्याचा प्रत्यय एकदा आंबोलीच्या घाटात आला. नवा ड्रायव्हर ठेवला होता. मालकांनी "चाळीसच्या वर नको" अशी ताकीद दिलेली, म्हणून त्या बिचाऱ्याने काटा चाळिसावर आणून इमानाने तेथेच धरून ठेवला. चाळीस मैल म्हणजे चौसष्ट किलोमीटर. अण्णा मागच्या आसनावर डोळे मिटून णमोकार म्हणत होते. सावंतवाडीस उतरल्यावर उलगडा झाला, तेव्हा ड्रायव्हरला रागे भरावे की तबकडीला, हे त्यांस कळेना.

पुढे पावसाळ्याच्या दमटपणाने तबकडीवरील रंगाचे पोपडे निघू लागले. १९८२ साली मी अण्णांची अनुमती घेऊन ती बदलण्याचे ठरवले, आणि बदलावयाचीच तर किलोमीटरची करावी, असा शहाणा विचार केला. गावातील एका वृद्ध घड्याळजींनी मापक उघडण्याचे पत्करले व दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने अक्षरे लिहिण्याचे.

घड्याळजींची काम करण्याची पद्धत आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रथम त्यांनी बॅटरीची तार सोडली. मापकामागची केबलची चाकी बोटांनी सैल केली, मापक बाहेर काढला व मांडीवर स्वच्छ पंचा पसरून त्यावर ठेवला. काच आणि तिची कडी उतरवली. काट्यास हात लावण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, जी पुढे मला कोणत्याही मिस्त्रीत दिसली नाही. शून्यापाशी एक बारीक खुंटी असते, तिच्यावर काटा टेकलेला असतो. तो तेथे स्प्रिंगच्या थोड्या ताणानेच टेकलेला असतो. खुंटी नसती तर तो आणखी मागे गेला असता. घड्याळजींनी काटा अलगद उचलून खुंटीपलीकडे सोडला, तो स्वतःहून जेथे स्थिरावला तेथे पेन्सिलीने खूण केली, आणि मगच तो उपटून काढला. "शेठ, हीच त्याची खरी बैठक," ते म्हणाले. "परत बसवताना ही चुकली, तर सारे आकडे खोटे बोलतील."

नंतर जुन्या तबकडीवरील कोन मोजून त्यांनी नव्या खुणा आखल्या. अशा यंत्रात काट्याचा कोन वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हिशेब सरळ होता. २० किलोमीटरची खूण जुन्या १२.४ मैलांच्या जागी, ४० ची २४.९ पाशी, ६० ची ३७.३ पाशी, ८० ची ४९.७ पाशी आणि १०० ची ६२.१ पाशी. पेंटरने त्यावर सुरेख अक्षरे काढली. तळाशी छापलेला तो बारीक आकडा रंगाखाली गेला. आणि आकड्यांच्या चाकांखाली जेथे "माइल्स" असे लिहिलेले होते, तेथे त्याने कोणासही न विचारता, शोभा म्हणून, "कि.मी." लिहिले.

पुढल्याच आठवड्यात कोल्हापूरला जाणे झाले. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. पोहोचल्यावर मी चाकांकडे पाहिले, तर आकडा ६८ ने वाढलेला. परत आल्यावर घड्याळजींना सांगितले. ते म्हणाले, "मी तोंड बदलले, शेठ, पोट बदलले नाही. ती चाके मैलच मोजणार. किलोमीटर मोजावयास लावायचे, तर आतली दातेरी चक्रे निराळी लागतील. ती मिळेपर्यंत निदान 'कि.मी.' खोडून 'मैल' लिहून घ्या."

चक्रे मिळाली नाहीत. आणि अक्षरे खोडण्याचे काम मी आज-उद्यावर टाकले. कोण वाचतो, असे मनाशी म्हणालो.

एक होकार

१९८९ साली मोटार विकावयास काढली. चाकांवर आकडा होता ५८,४००. हे मैल होते. किलोमीटर केले, तर ९४,००० च्या घरात जातात. दलालाने निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आणले. गृहस्थ शांत, बारकाईने पाहणारे. त्यांनी इंजिन ऐकले, दारे उघडून-मिटून पाहिली, मग चालकाच्या जागी बसून चाकांकडे पाहत म्हणाले, "वीस वर्षांत अठ्ठावन्न हजार किलोमीटर. गाडी जपून वापरलेली दिसते."

मी मान हलवली. शब्दाने खोटे बोललो नाही. नुसती मान हलवली. ३८,००० रुपयांत सौदा ठरला, पैसे हाती आले आणि मोटार गेली.

रात्री अण्णा पेढीवर रोजमेळ लिहीत बसले होते. मी मोठ्या आनंदाने सौद्याची हकीकत सांगितली. आणि दलाल कसा म्हणाला की "त्या आकड्यानेच गाडी विकली," तेही सांगितले. अण्णांनी टाक खाली ठेवला.

"तो आकडा किलोमीटरचा की मैलांचा?"

"मैलांचा."

"त्याखाली लिहिले आहे काय?"

मी गप्प राहिलो.

"म्हणजे तू शेर किलो म्हणून विकलास," अण्णा म्हणाले, आणि चोपडी मिटली.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाठशाळेत पाठ केलेले असते. त्यांतील एक आहे हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना उणे व घेताना अधिक माप वापरणे. आणि दुसरा आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एका वस्तूच्या नावाखाली तिच्यासारखी दिसणारी दुसरी देणे. मी तो धडा मुखोद्गत केला होता आणि परीक्षेत त्यास बक्षीसही मिळवले होते. माझी समजूत अशी की, हे सर्व धान्याच्या काट्याविषयी आहे. मोटारीच्या तबकडीस ते लागू पडेल, हे माझ्या स्वप्नीही आले नव्हते. अण्णांनी त्या रात्री सूत्राचा उच्चारही केला नाही. ते एवढेच म्हणाले, "उद्या पहिल्या एस.टी.ने निपाणीस जा. सौदा मोडावयाचा की किंमत कमी करावयाची, हे त्यांनी ठरवावे, आपण नाही."

गेलो. वाटेत मनाशी पुष्कळ भाषण जुळवले होते, ते सर्व त्यांच्या ओसरीवर विसरलो. जे होते ते सरळ सांगितले. गृहस्थांनी ऐकून घेतले, एका कागदावर गुणाकार केला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "चार हजार परत द्या. गाडी राहू द्या." मी नोटा पुढे ठेवल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या, पावती लिहून दिली आणि चहा विचारला. माझ्या प्रामाणिकपणाची स्तुती त्यांनी केली नाही. खरे सांगावयाचे, तर मला तिची अपेक्षा होती, आणि ती न मिळाल्याने परतीच्या वाटेवर मी थोडा खट्टूही होतो. कितीएक वर्षांनी मला समजले की त्यांचेच बरोबर होते. जे मुळात त्यांचेच होते, ते परत केल्याबद्दल शाबासकी कशाची?

दलालाची दलाली अण्णांनी पूर्ण ३८,००० वर दिली. त्याने ठरवलेला सौदा तोच होता, असे त्यांचे म्हणणे. ती निपाणीची पावती अजून माझ्या कपाटात आहे. आजवर ही गोष्ट मी घराबाहेर कोणासही सांगितली नव्हती.

तबकडी बदलताना घ्यावयाची काळजी

आता पुन्हा चिरंजीवाच्या मोटारीकडे वळू. आजच्या गाडीत केबल नाही, चुंबकाची वाटीही नाही. चाकांची गती संवेदक मोजतो, आणि प्रत्येक काट्यामागे एक चिमुकली पावले टाकणारी मोटर असते, ती काट्यास हव्या त्या अंशावर नेते. एकूण अंतराचा आकडा इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवलेला असतो. तबकडी म्हणजे पाठीमागून प्रकाश आरपार यावा अशी छापील पातळ चकती. रचना बदलली असली, तरी काळजी जवळपास तीच घ्यावी लागते. ज्या बंधूंच्या घरी तरुण मंडळींस हा शौक असेल, त्यांच्यासाठी आम्ही पाळलेला क्रम देतो.

काम सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून सर्व काटे कोठे उभे राहतात ते पाहावे व छायाचित्र घेऊन ठेवावे. पेट्रोलचा काटा कोठे आहे आणि इंजिन तापल्यावर उष्णतेचा काटा कोठे स्थिरावतो, याची नोंद असावी. अंतराचा आकडा कागदावर लिहून खाली तारीख घालावी. मग बॅटरीची ऋण तार सोडावी आणि काही मिनिटे थांबावे. आजच्या गाड्यांत सुरक्षा-पिशव्या असतात, त्यांच्या जोडणीतील वीज उतरू द्यावी. मापकांची पेटी बाहेर काढताना मागील जोडण्या खिटी दाबून सोडाव्यात. तारा धरून ओढू नयेत.

काटा काढताना तबकडीवर जाड कागद ठेवून त्यावर दोन्ही बाजूंनी दोन चमच्यांची टोके काट्याच्या बुडाशी घालावी व दोन्ही हातांनी सारखा दाब देऊन काटा सरळ वर उचलावा. पिळू नये. एका बाजूने उचलला, तर दांडी वाकते, आणि वाकलेली दांडी पुन्हा सरळ होत नाही. नव्या तबकडीवर बोटांचे ठसे उमटू देऊ नयेत. रात्री मागून प्रकाश आला की ते सारे दिसतात. तेलाचा लाल दिवा, बॅटरीचा दिवा, इशाऱ्यांच्या खिडक्या नव्या तबकडीवर नेमक्या जागी येतात की नाही, हे काटे बसवण्याआधीच पाहावे. तेलाचा दिवा तबकडीआड झाकला गेला, तर इंजिन जळेपर्यंत कोणास कळावयाचे नाही.

काटे परत बसवण्यापूर्वी पेटी गाडीस जोडून किल्ली फिरवावी. आतील मोटर आपले शून्य शोधून तेथे थांबते. त्या अवस्थेत काटा शून्यावर अलगद बसवावा. फार दाबू नये. तबकडी आणि काटा यांमध्ये कागदाएवढी फट राहावी, नाहीतर काटा घासतो व अडखळतो. काटा बसवला म्हणजे काम संपले, असे समजू नये. मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०, ६० व ८० च्या स्थिर वेगाने गाडी चालवावी आणि शेजारी बसलेल्याने मोबाइलवरील उपग्रहाच्या आधारे दिसणारा वेग टिपावा. चालकाने स्वतः टिपू नये. काटा खऱ्या वेगापेक्षा किंचित अधिक दाखवीत असेल, तर चालेल. वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असाच आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कमी दाखवीत असेल, तर काटा काढून पुन्हा बसवावा. पेट्रोलची टाकी भरून तो काटाही पाहून घ्यावा.

आमच्याकडे वेगाचा काटा पहिल्या खेपेस साठ असता छप्पन्न दाखवीत होता. चिरंजीव म्हणाला, "चारच तर आहेत, बाबा." मी काही बोललो नाही. त्यानेच थोड्या वेळाने पेटी पुन्हा बाहेर काढली.

नोंद

मापास सरकारी शिक्का लागतो, तो उगीच नव्हे. आपल्या काट्याची तपासणी आज २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार होते; हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. मोटारीस चालता वेगमापक असावा, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही सांगितले आहे. कायदा वजन तपासतो, शिक्का मारतो, दंड करतो. परंतु एखाद्याने समोरच्याच्या गैरसमजुतीवर नुसती मान हलवली, तर ती मान कोणत्याही तपासनीसाच्या नोंदवहीत येत नाही. व्यापाऱ्याचे खरे माप तेथे ठरते.

हौस वाईट नाही. पांढरी तबकडी दिसते सुंदर. जुन्या गाडीची जीर्ण तबकडी बदलणे तर योग्यच होय. फक्त तीन गोष्टी पाळाव्यात. मैलांचे किलोमीटर करावयाचे असतील, तर आतील मोजणीही बदलावी. ती बदलता येत नसेल, तर आकड्याखाली जे खरे एकक आहे तेच लिहावे. संपूर्ण मापक बदलून निराळा आकडा आला, तर जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावी. आणि गाडी विकताना ती नोंद गिऱ्हाइकाने मागण्यापूर्वीच त्याच्या हाती द्यावी.

काम आटोपल्यावर संध्याकाळी चिरंजीवाने किल्ली फिरवली. पांढऱ्या तबकड्या उजळल्या. काटे एकदा शून्यावर जाऊन स्थिरावले. आकडा होता ४७,३१२, सकाळी कागदावर लिहिलेला तोच. मी समजलो, आता तो मुलांस दाखवावयास धावेल. परंतु त्याने हातमोज्यांच्या कप्प्यातून गाडीचे देखभालीचे पुस्तक काढले आणि शेवटच्या पानावर लिहिले: "मापकांच्या तबकड्या बदलल्या. आकडा ४७,३१२ कि.मी., अबाधित." खाली तारीख घातली, सही केली आणि पुस्तक माझ्यापुढे धरले. "साक्षीदार म्हणून तुमचीही सही करा, बाबा."

निपाणीची पावती मी त्याला त्याच रात्री कपाटातून काढून दाखवली.